दोन अंशांचा फरक

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं की मला बाबांचा श्वास ऐकू यायचा. आमची खोली परळच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या अगदी टोकाला. मधे नऊ बिऱ्हाडं, नऊ टीव्ही, कुणाचा कुकर, कुणाचं भांडण. तरी त्या सगळ्यातून तो यायचाच. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना खरखर. ऐकू आला की मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची आणि उरलेल्या पायऱ्या चढायची. शेवटच्या दोन वर्षांत आमच्या घरात एकच प्रश्न होता, बाबांचा श्वास सुधारतो की जातो. आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्याच तोंडाने देऊन बसले होते, ते मला फार उशिरा कळलं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. लपवत नाही, लपतही नाही. दादरच्या एका शाळेत मी ऑफिस सांभाळते. खिडकीपलीकडून दिवसभर लोक काहीतरी मागत असतात आणि मी दिवसभर 'नाही' म्हणत असते. दाखला आज मिळेल का? नाही. साहेब आहेत का? नाहीत. वीस वर्षं हेच केल्यावर 'नाही' हा शब्द विचार न करताच बाहेर पडतो.

बाबा मिलमधले. पण त्यांचं काम साच्यावर, म्हणजे मागावर नव्हतं, हवेवर होतं. विणकामाच्या खात्यात हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, म्हणून छताखालच्या नळ्यांतून पाण्याचा फवारा सोडत राहावा लागतो. किती सोडायचा, कधी थांबवायचा, हे बाबा बघायचे. त्यासाठी भिंतीवर एक लाकडी पट्टी असायची, तिच्यावर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली, वातीचं टोक खाली पाण्याच्या वाटीत. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी भराभर उडतं, तो थर्मामीटर गार पडतो आणि दोघांत फरक दिसतो. हवा दमट झाली की फरक कमी. मिल बंद झाली तेव्हा लोकांनी काय काय घरी आणलं, बाबांनी ती पट्टी आणली. घरात आम्ही तिला 'जोडी' म्हणायचो. देवाच्या फळीखाली लावलेली. मला आणि धाकट्या बहिणीला घड्याळ वाचता यायच्या आधी जोडी वाचता यायची.

"दोन अंशांचो फरक ऱ्हवाक व्हयो," बाबा सांगायचे. दोन अंश राहिला पाहिजे. "दोन्ही सारखे झाले तर समजायचां, हवा पाण्यान भरली. नायतर वाटी सुकली."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. मिलला रविवारी सुट्टी. सोमवारी कामावर गेलं की तासाभरात सगळ्यांची छाती आवळायची, ताप आल्यासारखं अंग व्हायचं. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी. कापसाचं तूस छातीत जायचं त्याचा परिणाम. एक दिवस बाहेर काढला की शरीर विसरायचं आणि परत आत गेलं की चवताळायचं. याला ते 'सोमवारची छाती' म्हणायचे. आणि त्यावर इलाज काय, तर फवारा वाढवायचा. हवा ओली झाली की तूस खाली बसतं, माणसांना श्वास घेता येतो. सोमवारी सकाळी कामगार बाबांना हाक मारून सांगायचे, सोड रे पाणी, जीव जातोय. बाबा पाणी सोडायचे. चाळीसभर माणसांचा श्वास आपल्या हातातल्या चावीवर चालतो, हे त्यांना मनातून आवडायचं. ते कधी तसं बोलले नाहीत, पण सांगताना चेहरा दिसायचा ना!

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमचं पुढचं सगळं हिच्यावरच गेलं.

मिलच्या जागेवर टॉवर आला. एक एक मजला चढत गेला तशी आमच्या गॅलरीतली उन्हाची पट्टी आकसत गेली. आधी सकाळची गेली, मग दुपारची. आईची तुळस होती. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, तरी तुळस टिकली होती. उन्हाशिवाय ती पिवळी पडली, लांबट झाली, एका श्रावणात काड्या उरल्या. मी दुसरी आणली. तीही गेली. तिसरी आणायला निघाले तर बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे. सावलीत तुळस होवची नाय. सावलीतलां झाड आणूया."

त्या मे महिन्यात गावाहून परत येताना त्यांनी विहिरीच्या आतल्या कडेला उगवणारा हंसराज, म्हणजे बारीक पानांचा फर्न, उपटून आणला. काळ्या तारेसारखे दांडे, नखाएवढी हिरवी पानं. ओल्या फडक्यात बांधून, मांडीवर ठेवून आणला. शेजारच्या काकींनी तो बघितला आणि तोंड वाकडं केलं. काकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं बिऱ्हाड, आईची मैत्रीण, जिभेला हाड नाही.

"हंसराज कित्या आणलास रे? ता पडक्या घरात येता, नांदत्या घरात नाय."

"काकी, सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं.

"मी खय बोलतंय? जुनी माणसां बोलत."

हंसराज लागला. आमच्याकडे कुठलंच झाड कधी लागलं नव्हतं, हा असा काही लागला की बघत राहावं. मग बाबांना नादच लागला. माटुंग्याच्या बाजारातून मोठ्या पानांचे फर्न आले, कुणाच्या गच्चीवरून, कुणाच्या पाण्याच्या टाकीखालून आणखी प्रकार आले. गॅलरीचा आमचा तुकडा भरून गेला. वर्तमानपत्रवाले फोटो काढतील असा हिरवागार. येणारे-जाणारे थांबायचे आणि बाबा त्यांना जोडी दाखवायला आत न्यायचे.

कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागलं. तक्रार झाली, चाळकमिटीची माणसं आली. मी चांगलं भांडण केलं, पण हरले. कुंड्या आत आल्या. बाबांना तर बरंच झालं. टॉवरच्या बाजूला अजून खोदकाम चालू होतं, धूळ यायची, म्हणून मागची खिडकी त्यांनी आधीच बंद केली होती. आता फटींत फडकी कोंबली. मोरीच्या बाजूला, कपाटाच्या बाजूला, पोटमाळ्याच्या कठड्यावर, सगळीकडे फर्न. भिंतीला गोणपाट लावून त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारायचं. जोडीवर दोन अंशांचा फरक. बाबा दिवसभर आत, मी दिवसभर शाळेत.

खोकला त्यांना होताच, मिलपासूनचा. तो वाढला.

वाढला तेव्हा त्यांनी काय केलं? जे आयुष्यभर केलं तेच. पाणी वाढवलं. "वायच पाणी मार गो चेडवा," म्हणायचे, "छाती मोकळी व्हतली." मी मारायची. आणि खरं सांगते, पाणी मारलं की थोडा वेळ त्यांना बरंही वाटायचं. थंडाव्याने असेल, सवयीने असेल. दोन तासांनी पुन्हा शिट्टी.

काकी दारातून डोकावून नाकाला पदर लावायच्या. "गो बाय, ह्यां घर आसा की बाव? वास बघ कसो येता!"

विहिरीचा वास. मला येत नव्हता. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.

गल्लीतले डॉक्टर आमचे जुने. त्यांच्या टेबलावर बाबा शर्ट वर करून पालथे झोपलेले, डॉक्टर पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग नळी गळ्यात टाकून माझ्याकडे वळले.

"घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी वगैरे?"

बाहेरच्या बाकावर सहाजण बसलेले. दोघं टॉवरमधले, त्यांच्या कपड्यांवरून कळत होतं. दार उघडं. आणि हा प्रश्न. माझं डोकं असं सटकलं! म्हणजे चाळीत राहतो म्हणून ओल? चाळीत राहतो म्हणून बुरशी, ढेकूण, घाण? माझ्या आईने फरशी घासून घासून गुळगुळीत केलेलं घर, मी रोज फिनेल घालून पुसते, आणि हे विचारतायत बुरशी आहे का.

"नाही," मी म्हटलं. मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल असं. "आमचं घर स्वच्छ आहे, डॉक्टर."

"तसं नाही हो, मी फक्त..."

"नाही म्हटलं ना."

त्यांनी मान हलवली आणि श्वासाचा पंप लिहून दिला. बास. एवढंच झालं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

घरी येताना बाबांनी एक विचित्र गोष्ट केली. ते कधी बाहेरचं खाणं विकत घेणारे नव्हते. त्या दिवशी दुकानापाशी थांबले, खरवस घेतला, मोठा तुकडा, वेलचीवाला, माझ्या आवडीचा. माझ्या हातात देताना हसले. मला वाटलं, डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही म्हणून खूश आहेत. मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ला.

धाकटी बहीण बँकेत. बदल्यांची नोकरी. आधी नागपूरला होती तेव्हा हौसेने आमच्याकडचा फर्न घेऊन गेली. मेमध्ये फोन आला, "ताई, तुझा फर्न चार दिवसांत पापड झाला गं. हाताने चुरा होतोय." बाबांनी फोन ओढून घेऊन तिला विचारलं, जोडी असती तर फरक किती आला असता सांग बघू? मग स्वतःच म्हणाले, पंधरा-सोळा अंश, आणि फोन माझ्या हातात परत दिला. पंधरा-सोळा अंशांत माणूस कसा जगतो, अशा चेहऱ्याने.

नागपूरहून तिची बदली निलगिरीत झाली, कुन्नूरला. तिथून तिने फोटो पाठवला. क्वार्टरच्या कुंपणाला अझेलिया, आपल्याकडे रस्त्याकडेला घाणेरी असते तशी, बेसुमार, गडद गुलाबी, पानं दिसू नयेत इतकी फुलं. खाली दगडांच्या फटीत फर्न आपोआप उगवलेले, कुणी पाणी घालत नाही, कुणी बघत नाही. बाबांनी तो फोटो दिवसातून दहा वेळा उघडून बघितला. पुढच्या मे महिन्यात मी त्यांना घेऊन गेले.

काय सांगू! तिसऱ्या दिवशी शिट्टी बंद. पाचव्या दिवशी बाबा बहिणीच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत चढून गेले, न थांबता. आम्ही दोघी मागून धापा टाकत. आठव्या दिवशी रात्रभर सपाट झोपले, उशीचा ढीग न लावता. बहीण रडायलाच लागली. पंधरा दिवस राहिलो आणि पंधरा दिवसांत माझे बाबा मला परत मिळाले, असं मला वाटलं.

आता कुणालाही दोन अधिक दोन करता आलं असतं. घराबाहेर पडल्यावर माणूस बरा होतो, म्हणजे घरात काहीतरी आहे. पण आम्हाला वेगळाच हिशोब सुचला. इथली हवा ओली आहे, गार आहे, इथे फर्न आहेत, अझेलिया आहेत, म्हणून बाबा बरे आहेत. मग परळची खोलीच कुन्नूर करायची! काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. मी स्वतः बहिणीच्या कुंपणाजवळच्या रोपवाटिकेतून अझेलियाचं रोप घेतलं. मुळांना तिथलीच काळी माती, वर ओला टॉवेल. दीड दिवसाच्या प्रवासात ते मी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दादरला उतरलो, टॅक्सी केली, कुलूप काढलं. अठरा दिवस बंद खोली, निघताना कुंड्या आणि गोणपाट थबथबवून ठेवलेले. दार उघडल्याबरोबर तो वास माझ्या तोंडावर आला. एकदाच, त्या एका क्षणी, मला आला. मग मी खिडकी न उघडताच दिवा लावला, चहा टाकला आणि तो वास नाहीसा झाला.

संध्याकाळपर्यंत बाबांची छाती आवळली. अंगात कसकस. ते खाटेवर बसून, हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढत होते आणि हसत होते.

"सोमवारची छाती," म्हणाले. "बघ, किती वर्षांनी इली."

मीही हसले. देवा, मी हसले! त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडाने, नावासकट. एक दिवस बाहेर काढला की शरीर विसरतं, परत आत गेलं की चवताळतं. आणि मी उठून गोणपाटावर पाणी मारलं.

अझेलियाने आमचे हाल केले. तिला आंबट माती लागते, म्हणून बाबा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून चहाचा चोथा आणायचे, धुवून, साखर काढून, मातीत मिसळायचे. तिला थंडी लागते, म्हणून टेबलफॅन ओल्या गोणपाटामागे ठेवून सोडायचे. त्यानेही भागेना तेव्हा वरळी कोळीवाड्याहून येणाऱ्या मासेवालीकडून पाटीतला उरलेला बर्फ मागून कुंडीभोवती ठेवायला लागले. त्या आठवड्यात कुंडीला बोंबलाचा वास आणि दाराशी चाळीतली झाडून सगळी मांजरं. काकी हसून हसून खाली बसल्या. बाबाही हसले, आणि हसता हसता खोकला सुरू झाला तो थांबेचना. ओठ निळसर झाले. काकींचं हसणं तोंडातच राहिलं.

"चेडवा," त्या मला बाहेर बोलावून हळू म्हणाल्या. "मी वायट बोलतंय म्हणान राग येता तुका. पण ह्यो माणूस आत बुडता आसा."

मी त्यांच्यावरही खेकसले. काय बोलले ते आठवतं, पण लिहिणार नाही.

पहिल्या हिवाळ्यात अझेलियाला कळ्या आल्या आणि सगळ्या तपकिरी होऊन गळल्या. दुसऱ्या पावसाळ्यात कपाटामागची भिंत फुगली. मी हात लावला तर प्लास्टर ओल्या भाकरीसारखं आत गेलं. कपाट हलवायला दोन माणसं लागली असती. पावसाळा संपल्यावर बघू, म्हटलं. बाबा तोवर मोरीपर्यंत चालतानाही भिंतीला धरायला लागले होते. वजन उतरलं. पंप सकाळ-संध्याकाळ होता तो चार वेळा झाला. बोटांची नखं फुगीर दिसायला लागली. मी विचारलं की म्हणायचे, वय झालां. पाणी मात्र स्वतः मारायचे. उभं राहवेना तर स्टुलावर बसून.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या थंडीत, अझेलिया फुलली. सतरा फुलं. परळच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली, कुन्नूरच्या कुंपणावर असतो तोच गुलाबी रंग. अख्खी चाळ बघायला आली. बाबा स्टुलावर बसून सगळ्यांना जोडी दाखवत होते, बोलायला दम नव्हता म्हणून नुसतं बोटाने. दोन अंश. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तर ते स्टुलावरून बाजूला कलले. हातातली फवाऱ्याची बाटली तशीच.

हॉस्पिटलात छातीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. फोटो काढले, रक्त काढलं, आणि मग खुर्ची ओढून बाबांच्या पलंगाशी बसल्या. दिवसभर काय करता, म्हणून विचारलं. बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. अभिमानाने.

"पाणी मारतंय. चार वेळा. फर्न आसत ना घरात. खिडकी बंद, गोणपाट..."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं. बुरशीचे कण, वर्षानुवर्षं, बंद खोलीत, रोज. त्यांच्यामुळे फुप्फुसं आतून कडक होत गेली. आधीच मिलचं तूस, त्यावर हे. दोन वर्षांपूर्वी खोली कोरडी केली असती तर बरंच काही वाचलं असतं. आता जे कडक झालं ते परत मऊ होत नाही. "तुम्हाला याआधी कुणी ओलीबद्दल विचारलं नव्हतं का?" त्या म्हणाल्या.



त्याच दुपारी मी घरी गेले. दोन माणसं आणून कपाट हलवलं. मागे छतापासून जमिनीपर्यंत भिंत काळी होती. नुसती काळी नाही, मऊ, केसाळ. आईची लग्नातली ट्रंक तिथे टेकलेली, तिच्यावरही तेच. मी गोणपाट ओरबाडून काढले. फर्न मुळांसकट उपटले, आणि गोण्यांत भरून खाली नेले, आठ खेपा. कोण काय म्हणतंय ते मला ऐकूच येत नव्हतं. हंसराज निघता निघेना, त्याची मुळं भिंतीच्या भेगेत गेली होती. तो मी सुरीने खरवडला. खिडकी उघडली तर बिजागरी हातात आली. अझेलिया फुलांसकट उचलून काकींच्या दाराशी ठेवली. काकींनी ती भिंतीकडे सरकवून घेतली. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बारा दिवसांनी बाबा घरी आले, सोबत ऑक्सिजनचं मशीन. भिंती खरवडून चुना मारलेला, खिडकी सताड उघडी, एकही कुंडी नाही. जोडी तेवढी मी ठेवली होती. बाबांनी खोलीभर एकदा नजर फिरवली आणि खाटेवर बसले.  मला बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनाही सांगितलं होतं.

अझेलिया काकींच्या दाराशी होळीपर्यंत टिकली. त्या बिचाऱ्या तिला एकदम तांब्याभर पाणी घालायच्या.

मला झोप लागेना, अन्न जाईना. शाळेच्या खिडकीत कुणी काही विचारलं की मी दचकायची. शेवटी एका रविवारी दुपारी मी खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि बोलून टाकलं.

"बाबा, गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी. घरात ओल आहे का म्हणून. मी नाही म्हटलं."

मशीन घुरघुरत होतं. बाबा छताकडे बघत होते. त्यांचं एक एक वाक्य तीन तीन श्वासांत यायचं.

"माका ठावक आसा," ते म्हणाले. "मी थयच होतंय. टेबलार."

खरंच की. ते तिथेच होते. शर्ट वर करून पालथे झोपलेले. दोन वर्षं मी त्या खोलीत फक्त डॉक्टरांना आणि स्वतःला बघत होते.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू माझी बाग राखलंस," बाबा म्हणाले. "डाक्टरान फेकून देवक सांगितल्यान असतां. तू माझ्यासाठी खोटां बोललंस. तुझो राग मोठो, पण माया तेच्याहून मोठी." मग दम घेऊन म्हणाले, "म्हणान खरवस."

 बागेचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता. बाकावरची माणसं काय म्हणतील, एवढंच होतं. मी त्या बाकासाठी खोटं बोलले. आणि हा माणूस दोन वर्षं, एक एक श्वास ओढत, माझ्या मायेचं कौतुक करत बसला होता.

"हो ना गो?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," मी म्हटलं. "बागेसाठीच."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने बोट वर करून भिंतीकडे दाखवलं. "फरक किती?"

मी उठून जोडीपाशी गेले. वाटीत पाणी घालायचं मी कधीच सोडून दिलं होतं. वात सुकून कडक झालेली. दोन्ही थर्मामीटर एकाच रेघेवर.

"दोन अंश," मी म्हटलं.

"बरां."

त्यानंतर तीन आठवडे मी रोज शाळेतून आले की तिसऱ्या पायरीवर थांबायची. कान द्यायची. शिट्टी, मग खरखर. मग वर जायची. एका गुरुवारी तिसऱ्या पायरीवर आले. कुणाचा तरी कुकर होत होता, कुठल्या तरी टीव्हीवर जाहिरात चालली होती. काकी आमच्या दारात उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यांच्या मागून मशीनचा आवाज येत होता, एकट्या मशीनचा.